लेखणी, सुई आणि ग्रंथालय

ग्रंथालय म्हटले की पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे उभी राहतात. शब्दाचा अर्थच तसा आहे. ग्रंथांचे घर ते ग्रंथालय. परंतु लंडनमध्ये असे एक ग्रंथालय आहे की, त्याच्या संग्रहात पुस्तकांच्या जोडीला रेशमाची व मखमलीची निशाणे आहेत, शर्यतीच्या मैदानावर घोड्याखाली सापडून मृत्यू पावलेल्या एका स्त्रीचे पैशांचे पाकीट आणि आगगाडीचे परतीचे तिकीट आहे, आणि कापडांचे बारीक बारीक नमुने डकविलेली चित्रांची एक वही आहे. हे ग्रंथालय स्त्रियांनी, स्त्रियांच्या इतिहासासाठी स्थापिले. निशाणांना तेथे जागा का मिळाली, आणि ती मिळाली नसती तर काय हरवले असते, हा प्रश्न वरवर परका वाटेल. परंतु शाळेचे दप्तर आणि शाळेचे ग्रंथालय ज्यांच्या हाती असते अशा आपणां शिक्षकांना तो अगदी जवळचा आहे, असे मला वाटते.

इंग्लंडातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचा आरंभ सामान्यतः १८६६ सालच्या अर्जापासून मानतात. सुमारे दीड हजार स्त्रियांच्या सह्यांचा तो अर्ज एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट या दोघींनी पार्लमेंटच्या आवारात नेला व जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वाधीन केला. मिल येईपर्यंत लोकांचे लक्ष वेधू नये म्हणून त्यांनी ती गुंडाळी एका सफरचंदवालीच्या पाटाखाली लपविली, अशी हकीकत आहे. या प्रसंगाचे चित्र त्या वेळी कोणी काढले नाही. ते काढले बर्था न्यूकोंब या चित्रकर्तीने, १९१० साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनंतर. अर्जाची नोंद कागदोपत्री होतीच. परंतु वेस्टमिन्स्टर हॉलच्या दगडी फरशीवर उभ्या असलेल्या त्या दोन तरुणी आणि शेजारची ती सफरचंदवाली पुढच्या पिढीच्या मनावर ठसली ती या चित्रामुळे. जेथे दप्तर थांबते तेथून कलावंत पुढे चालू लागतो, याचे हे पहिले उदाहरण.

न्यूकोंबबाई ज्या मंडळात काम करीत होत्या ते ‘आर्टिस्ट्स सफ्रेज लीग’ हे मंडळ १९०७ च्या जानेवारीत स्थापन झाले. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीस तीन हजारांवर स्त्रिया लंडनच्या रस्त्यांतून भर चिखलात चालत गेल्या. ‘चिखलातील मिरवणूक’ म्हणूनच ती ओळखली जाते. तिच्या तयारीसाठी चित्रकर्त्या प्रथम एकत्र आल्या. मंडळाच्या अध्यक्ष होत्या मेरी लाउंड्झ (१८५७–१९२९). देवळांच्या खिडक्यांसाठी रंगीत काचांची चित्रे घडविणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्या कारागिरीसाठी १८९७ साली त्यांनी भागीदारीत कारखाना काढला होता. काचेतून येणारा उजेड आणि कापडावर पडणारा उजेड यांतील भेद जाणणारी ही बाई निशाणांकडे वळली, हे चळवळीचे भाग्यच म्हणावयाचे. निशाण कसे करावे यावर त्यांनी एक निबंधही लिहिला. त्यांच्या मताचा इत्यर्थ असा की, निशाण हे भिंतीवर डकविलेल्या जाहिरातीप्रमाणे निवांत वाचण्याची वस्तू नव्हे. ते वाऱ्यावर हलावयाचे असते, म्हणून त्यावर अक्षरे थोडी व रंग बोलका असावा. वर उल्लेखिलेली कापडाच्या नमुन्यांची वही ती यांचीच. एकेका निशाणाचे जलरंगातील लहान चित्र काढावयाचे आणि कोणत्या भागासाठी कोणते कापड वापरावयाचे त्याचा तुकडा शेजारी चिकटवावयाचा, अशी त्यांची पद्धत होती.

१३ जून १९०८ रोजी या कामाचे चीज झाले. त्या दिवशी सुमारे दहा हजार स्त्रिया थेम्सच्या काठावरून अल्बर्ट हॉलपर्यंत चालत गेल्या. मंडळाने त्या मिरवणुकीसाठी सत्तरांवर निशाणे रेखिली आणि कित्येक स्त्रियांनी आठवडेच्या आठवडे बसून ती शिवली. काही निशाणे गावांची होती, काही वैद्य, शिक्षिका, कामकरी अशा व्यवसायांची. आणि काही होती इतिहासातील स्त्रियांची. जोन ऑफ आर्क, मेरी वुल्स्टनक्राफ्ट, ज्योतिर्विद कॅरोलिन हर्शेल, कादंबरीकार जेन ऑस्टेन, तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय अशी ती नावे. मारी क्युरी तर तेव्हा हयात होत्या. यांतील बहुतेक नावांना त्या काळच्या शालेय इतिहासात एकतर जागाच नव्हती, नाहीतर ओझरता उल्लेख होता. स्त्रियांच्या इतिहासाचे ग्रंथालय निघावयास अजून अठरा वर्षे अवकाश होता. परंतु ज्यांच्या चरित्रांनी त्याची कपाटे पुढे भरावयाची होती त्या स्त्रियांची नावे त्या दिवशी कापडावर भरली जाऊन रस्त्यातून चालली होती. मिरवणुकीनंतर ही निशाणे लंडनमध्ये प्रदर्शनात मांडिली व पुढे इतर शहरांतही नेली गेली.

एक शंका येथे निघते. शिवणटिपण हे घरातील बायकांचे काम. ज्यांना घराबाहेरचा हक्क हवा होता त्यांनी तेच काम पुन्हा हाती का घ्यावे? उत्तर त्या काळच्या टीकेत सापडते. मत मागणारी स्त्री ही स्त्रीच नव्हे, असा विरोधकांचा आक्षेप असे आणि व्यंगचित्रांत तिला बेढब व कर्कश दाखवीत. त्या टीकेला भरतकामाइतके सौम्य आणि मर्मी उत्तर दुसरे नव्हते. जी सुई स्त्रीच्या बंदिवासाची खूण मानली जाई, तीच आता तिचे म्हणणे चव्हाट्यावर मांडू लागली.

त्या मिरवणुकीतील लेखिकांचे निशाण विशेष लक्ष देण्याजोगे आहे. काळ्या व दुधी मखमलीचे ते निशाण मेरी लाउंड्झ यांनी रेखिले आणि शिवले क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी. लेखणीचा गौरव सुईने केला, असा तो योग. या हेरिंगहॅमबाईंचे नाव आपल्याकडे थोड्यांच्या कानावर असेल. पण त्यांचे ऋण आपल्यावर आहे. १९०६–०७ च्या हिवाळ्यात त्या अजिंठ्यास आल्या, लेण्यांतील भित्तिचित्रे पाहिली, ती झपाट्याने नष्ट होत आहेत हे ओळखले, आणि त्यांच्या नकला काढावयास बसल्या. पुढे १९०९ ते १९११ या काळात त्या पुन्हा आल्या. या वेळी कलकत्त्याहून नंदलाल बोस व असितकुमार हलदार हे तरुण चित्रकार, आणि हैदराबादहून सय्यद अहमद व फजलुद्दीन हे त्यांच्या मदतीस होते. विलायतेहून आलेल्या डोरोथी लार्चर याही त्यांत होत्या. त्या पुढे कापडावरील ठशांच्या छपाईसाठी नावाजल्या. फर्दापूरच्या परिसरात तंबू ठोकून, अंधाऱ्या लेण्यांत वटवाघळांच्या संगतीत ही मंडळी काम करीत. या नकलांचा ग्रंथ लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ साली प्रसिद्ध केला.

अजिंठा त्या काळी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादेतील आम्हां मराठी मंडळींना ते स्थळ कधीच परके वाटले नाही. विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जाण्याचा योग मला अनेकदा आला. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीपुढे उभे असता मी मुलांना सांगतो की, या चित्राची स्थिती शंभर वर्षांपूर्वी काय होती हे ज्या नकलांवरून कळते, त्या काढणाऱ्यांत एक अशी बाई होती की जी मायदेशी निशाणे शिवीत असे. हेरिंगहॅमबाईंची दोन्ही कामे मुळात एकच होत. भिंतीवरचा रंग गळून पडतो, कापडावरचा उडून जातो. दोन्ही ठिकाणी जे टिकणार नाही ते टिकविण्याची खटपट. दैवाची गोष्ट अशी की, १९११ नंतर मानसिक आजाराने त्यांना ग्रासले, उरलेले आयुष्य त्यांनी रुग्णाश्रमात काढले आणि १९२९ साली त्या निवर्तल्या. ज्यांनी इतरांच्या स्मृती राखल्या त्यांचीच स्मृती लोपली.

कला आणि चळवळ यांचे नाते सदैव सलोख्याचे होते असे मात्र समजू नये. हेरिंगहॅमबाईंनी १९०३ साली ज्या कलानिधीच्या स्थापनेस चालना दिली, त्याच निधीने १९०६ साली वेलास्केथचे व्हीनसचे प्रसिद्ध चित्र राष्ट्रीय चित्रशाळेसाठी विकत घेतले. आणि १० मार्च १९१४ रोजी मेरी रिचर्डसन या जहाल पक्षाच्या स्त्रीने त्याच चित्रावर सुऱ्याचे वार केले. एकाच ध्येयासाठी एक स्त्री चित्रे राखीत होती आणि दुसरी चित्र फाडीत होती. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोघींनाही एकाच कपाटात जागा द्यावी लागते, आणि ग्रंथालयाची खरी कसोटी तेथेच लागते.

१९१८ साली तीस वर्षांवरील काही अटींत बसणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. १९२८ साली एकविसाव्या वर्षी पुरुषांच्या बरोबरीने. या दोन सालांच्या मध्ये, १९२६ साली, मताधिकारासाठी झगडलेल्या लंडनच्या संस्थेने आपले ग्रंथालय उघडले. उद्देश दुहेरी होता. नव्याने सार्वजनिक जीवनात येणाऱ्या स्त्रियांना माहिती मिळावी हा एक, आणि झालेल्या लढ्याचे कागद विखरून जाऊ नयेत हा दुसरा. व्हेरा डूई या पहिल्या ग्रंथपाल. १९२६ पासून १९६७ पर्यंत एकेचाळीस वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. वेस्टमिन्स्टरमधील मार्शम स्ट्रीटवर एका जुन्या मद्यगृहाची डागडुजी करून संस्थेने आपले बिऱ्हाड थाटले. व्हर्जिनिया वुल्फ या ग्रंथालयाच्या पाठीराख्या होत्या. २१ जानेवारी १९३१ रोजी संस्थेपुढे त्यांनी स्त्रियांच्या व्यवसायांवर व्याख्यान दिले. त्याच सभेत संगीतकार एथेल स्मिथ याही बोलल्या. लेखिका आणि कलावंत यांना एका व्यासपीठावर आणण्याची रीत अशी आरंभापासूनच पडली.

मताधिकार मिळाल्यावर निशाणांचे काम संपले होते. काम संपलेली वस्तू अडगळीत जाते, हा जगाचा नियम. काही निशाणे पुढे लंडनच्या संग्रहालयात गेली, काही या ग्रंथालयात आली. लाउंड्झबाईंची वही आली. एमिली डेव्हिसन यांचे ते पाकीट व १९१३ च्या डर्बी शर्यतीच्या दिवसाचे परतीचे तिकीट आले. पुस्तक नव्हे म्हणून नाकारावे, असा कोता विचार येथे झाला नाही. याचे फळ पुष्कळ वर्षांनी दिसले. स्त्रियांच्या चळवळीतील कलेचा इतिहास जेव्हा विद्वान लिहू लागले, तेव्हा कोणते निशाण कोणी रेखिले आणि त्याला कोणता रंग होता हे सांगणारा पुरावा त्या वहीत शिल्लक होता. त्या काळची छायाचित्रे काळी-पांढरी. रंगांची साक्ष कापडाच्या तुकड्यांनीच दिली.

ग्रंथालयाचा पुढील प्रवास सुखाचा नव्हता. महायुद्धात बॉम्बवर्षावाने इमारतीची हानी झाली. १९५७ पर्यंत त्याला स्थिर जागा नव्हती. त्या वर्षी ते व्हिक्टोरिया स्थानकाजवळ गेले व चळवळीच्या पुढारी मिलिसेंट फॉसेट यांचे नाव त्याला मिळाले. संस्थेला खर्च झेपेना, तेव्हा १९७७ साली ते लंडनच्या एका पॉलिटेक्निकच्या स्वाधीन झाले आणि तळघरात जाऊन पडले; तेथे पाणी शिरण्याची धास्ती असे. २००२ साली पूर्व लंडनमध्ये त्याला स्वतःची नवी इमारत लाभली. ती उभी राहिली जुन्या सार्वजनिक धुणीघराच्या जागी, त्याची दर्शनी भिंत राखून. जेथे गरीब बायका पिढ्यान्‌पिढ्या कपडे धूत होत्या तेथे त्यांच्या इतिहासाचे घर व्हावे, यात औचित्य होते. प्रदर्शनाचे दालन असल्यामुळे निशाणे पुन्हा लोकांपुढे आली. परंतु दहा वर्षांतच, २०१२ साली, सांभाळणाऱ्या विद्यापीठाने खर्चापायी हात आखडता घेतला. हजारो लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. २०१३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने संग्रह आपल्याकडे घेतला. तो वाचला, त्याची निगा नीट होऊ लागली, पण खास त्याच्यासाठी बांधिलेली ती इमारत मात्र गेली. मोठ्या संस्थेच्या आश्रयाने संग्रह सुरक्षित होतो, आणि त्याच आश्रयाने तो स्वतःचे घर गमावतो. यांपैकी कोणते मोल अधिक, याचा निवाडा सोपा नाही. तथापि ज्यांचे ग्रंथ ओल्या भिंतींनी खाल्ले आहेत, त्यांनी सुरक्षिततेला तुच्छ लेखू नये.

आतापर्यंतचा वृत्तांत ग्रंथालयाने कलेचे अवशेष कसे राखले, याचा झाला. जिवंत कलावंतांशी सहकार्य ही त्यापुढची पायरी. तिची दोन उदाहरणे सांगतो. १९८० नंतरच्या वर्षांत लंडनमधील चित्रकर्त्यांनी आपल्या कामांच्या पारदर्शिकांचा, म्हणजे स्लाइडींचा, एक संग्रह उभा केला. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत स्त्रियांची नावे अपवादानेच येत. ‘स्त्रिया चित्रे काढीतच नाहीत’ असे म्हणणाऱ्यास दाखवावयास पुरावा हवा होता. म्हणून चित्रकर्तींनी स्वतःच आपल्या चित्रांच्या पारदर्शिका आणून द्याव्यात, कोणाही परीक्षकाने त्यांत निवडानिवड करू नये, असे ठरले. त्या संग्रहातून नियतकालिक निघाले, आणि आज तो लंडन विद्यापीठाच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात स्त्रीकला-ग्रंथालय म्हणून नांदत आहे. येथे दाता आणि वाचक एकच. कलावंतच ग्रंथालयाचा पाया झाला.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे. १९९० साली त्या शहराला युरोपच्या सांस्कृतिक नगरीचा मान मिळावयाचा होता. त्या सोहळ्यात स्त्रियांच्या कर्तृत्वाचा विसर पडू नये म्हणून काही कलावंत व कार्यकर्त्या १९८७ सालापासून एकत्र आल्या. सोहळा संपला तरी जमलेले कागद, चित्रे व पुस्तके राहिलीच. त्यांतून १९९१ साली ‘ग्लासगो विमेन्स लायब्ररी’ निघाली. संग्रह जवळजवळ सगळा देणग्यांचा. अनेक बिऱ्हाडे बदलून २०१३ साली ती ब्रिजटन या कामकरी वस्तीत, कार्नेजी यांच्या देणगीतून पूर्वी उभारलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीत स्थिरावली.

या ग्रंथालयाने आपली एकवीस वर्षे साजरी केली ती रीत मोठी बोधप्रद आहे. सत्कार आणि हारतुरे यांऐवजी त्यांनी एकवीस चित्रकर्ती व एकवीस लेखिका यांना बोलाविले आणि सांगितले की, आमचा संग्रह उघडा आहे. त्यात हिंडा, जे सापडेल त्यावरून नवी कृती करा. चित्रकर्तींनी मोजक्या प्रतींची मुद्राचित्रे केली, त्यांच्या विक्रीने ग्रंथालयास हातभार लागला. लेखिकांनी कथा-कविता लिहिल्या. शोना मॅकमलन या चित्रकर्तीने तेथील पुस्तकांची पाने चाळून त्यांत छापलेली १६५ तारकाचिन्हे गोळा केली व त्यांची एक कृती केली. तारका म्हणजे तळटीप असल्याची खूण. ज्यांची जागा इतिहासाच्या मजकुरात नसून तळटिपेत होती, त्यांच्या ग्रंथालयात ही खूण सापडावी व तिचे नक्षत्र व्हावे, याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ग्रंथपालाची वर्गवारी ज्या गोष्टीकडे पाहत नाही ती कलावंताच्या नजरेला दिसते. म्हणूनच सहकार्यात ग्रंथालय केवळ देणारे नसते. आपल्यापाशी काय आहे हे त्याला कलावंताकडून कळते.

२०१८ साली, पहिल्या मताधिकाराच्या शताब्दीस, १० जून रोजी लंडन, एडिंबरो, कार्डिफ व बेलफास्ट या चार शहरांत स्त्रियांच्या मिरवणुका निघाल्या. त्यांसाठी शंभर चित्रकर्तींनी ठिकठिकाणच्या स्त्रीसमूहांबरोबर बसून शंभर निशाणे शिवून घेतली. त्याच वर्षी २४ एप्रिलला पार्लमेंटच्या चौकात मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळा बसला. त्या चौकातील हा स्त्रीचा पहिला पुतळा, आणि तो घडविणाऱ्या जिलियन वेअरिंग याही तेथील पहिल्याच स्त्री शिल्पकार. पुतळ्याच्या हाती राजदंड नाही, तलवार नाही. दोन्ही हातांत धरलेले एक निशाण आहे. चौथऱ्यावर चळवळीतील एकोणसाठ व्यक्तींच्या प्रतिमा आहेत. शंभर वर्षांपूर्वी कापडावर शिवलेली गोष्ट अशी ब्राँझमध्ये उतरली. निशाणे, वह्या आणि छायाचित्रे जर कोणी जपली नसती, तर ही परंपरा पुन्हा हाती धरावयास धागाच उरला नसता.

आता आपल्याकडे वळू. स्त्रियांच्या जीवनाचे ध्वनी व चित्ररूप दप्तर जमविणारी ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ साली मुंबईत निघाली. नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज व तमिळ लेखिका सी. एस. लक्ष्मी यांनी ती स्थापिली. गायिका आणि नर्तकी यांच्याशी केलेल्या संभाषणांचे तिने ग्रंथ काढले. चित्रकार धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनी ‘माझी स्मरणचित्रे’ लिहून ठेविली, म्हणून कलाशाळेत शिकणाऱ्या मराठी मुलीचे अनुभव आज आपणांस वाचावयास मिळतात. परंतु हे व्यक्तींच्या व थोड्या संस्थांच्या निष्ठेवर उभे आहे. गावोगावच्या आपल्या ग्रंथसंग्रहालयांनी हा प्रश्न अद्याप आपला मानलेला नाही.

याची एक बोचणी मला आहे. माझ्या परिचयाच्या एका शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. कलाशिक्षिकेने मुलींना हाताशी धरून महिनाभर खपून एक मोठे निशाण भरले. शाळेची जुनी इमारत, आवारातील चिंच आणि पहिल्या तुकडीतील मुलींची नावे त्यावर होती. समारंभाचा छापील अहवाल शाळेच्या दप्तरी आजही आहे. त्यात प्रमुख पाहुण्यांचे भाषण सबंध छापले आहे. निशाणाचा उल्लेख नाही, बाईंचे नाव नाही. निशाण सतरंज्यांच्या गठ्ठ्यात गेले आणि उंदरांनी कुरतडले. तो अहवाल लिहिणाऱ्यांत मी होतो. भाषण हा इतिहास आणि भरतकाम ही सजावट, अशी समजूत मनात इतकी मुरलेली होती की, चूक झाली हे कळावयासही मला वर्षे लागली.

म्हणून सभासदांपुढे आणि शिक्षकबंधुभगिनींपुढे मागणे मांडतो ते फार मोठे नाही. प्रत्येक ग्रंथालयात एक कपाट असे असावे की, ज्यात स्त्रियांनी हाताने केलेल्या वस्तू, त्यांच्या नक्षीच्या वह्या, हस्तलिखितांची मुखपृष्ठे, समारंभांची निशाणे नोंद करून ठेविली जातील. आणि नोंदीत प्रथम लिहिले जाईल ते करणारीचे नाव. वर्षातून एकदा गावातील चित्रकर्तीला बोलावून ते कपाट तिच्यापुढे उघडावे व तिला त्यातून काय दिसते ते करू द्यावे. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. डांबराच्या गोळ्या, एक नोंदवही आणि ती नियमाने लिहिणारा हात एवढे पुरे. लाउंड्झबाईंच्या वहीत तरी चिकटविलेल्या चिंध्यांखेरीज दुसरे काय होते?